तासिका तत्त्वावरच्या मॅडमना

मॅडम, सप्रेम नमस्कार.

परवा नॅकच्या (महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या) फायली लावताना २०२०-२१ च्या ऑनलाइन अध्यापनाचा अहवाल हाताशी आला. त्यात समिती आहे, समन्वयक आहेत, फोटो आहेत. आम्हा प्राध्यापकांना ऑनलाइन शिकवायला शिकवलंत तुम्ही, पण तुमचं नाव कुठेच नाही. म्हणून हे उघड पत्र.

ते दिवस इतरांना कळावेत म्हणून थोडं सांगतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर धडकलं आणि दापोली, मंडणगड, श्रीवर्धनच्या पट्ट्यात विजेचे खांब आडवे झाले. कित्येक वाड्यांत वीज यायला आठवडे लागले. लोक फोन चार्ज करायला जनरेटरवाल्याच्या दारात उभे, आणि वरून विचारणा सुरू: ऑनलाइन वर्ग कधी सुरू करताय? त्यात वेबिनारचं पीक आलेलं. दीड तास ऐका, गूगल फॉर्म भरा, ई-सर्टिफिकेट घ्या. वक्ते स्मार्ट बोर्ड दाखवायचे. आपल्याकडे लॅबमधले जुने संगणक, वादळानंतर मुका झालेला ब्रॉडबँड आणि ज्याचा त्याचा फोन.

तुम्ही पहिल्या दिवशी एकही ॲप दाखवलं नाहीत. आमच्या हातात वर्गाच्या याद्या दिल्यात आणि म्हणालात, फोन करा. घरात स्मार्टफोन आहे का, दिवसभर तो कुणाजवळ असतो, नेटपॅक केवढा, रेंज कुठे येते. लावणीचे दिवस, त्यामुळे माणसं संध्याकाळीच सापडायची. उत्तरं ऐकून आमचे बेत बसलेच. कुणाचा फोन वडलांबरोबर मुंबईत, कुठे तीन भावंडांत एक, आणि रेंज सड्यावर, म्हणजे गावावरच्या उघड्या कातळपठारावर, तीही पाऊस उघडला तर. तासभराच्या व्हिडिओ वर्गाला अर्धा जीबी सहज जातो, मग दिवसाचा दीड जीबी तीन भावंडांना कसा पुरेल, हे गणित तुम्ही फळ्यावर मांडलंत. रोज झूमवर वर्ग घेण्याची भाषा त्यानंतर कुणी केली नाही.

मग तुमचा खरा अभ्यासक्रम सुरू झाला. दहा मिनिटांचं बोलणं व्हॉट्सॲपवर, दोन-तीन एमबीच्या आत. पोरांनी ते सड्यावर उतरवून घ्यायचं आणि घरी हवं तितक्यांदा ऐकायचं. सोबत हाताने लिहिलेलं एक पान, फोननेच स्कॅन करून. थेट ऑनलाइन भेट आठवड्यातून एकदा, फक्त शंकांसाठी, आणि ज्याला तीही जमत नाही त्याला साधा फोन. ऐकायला सोपं वाटतं. पण ४८ मिनिटांच्या तासाला सरावलेला माणूस दहा मिनिटांत बसवायचा म्हणजे काय, ते आमच्या जिभेला विचारा! माझं १८५७ च्या कारणांवरचं रेकॉर्डिंग ऐकून तुम्ही शांतपणे विचारलंत, "सर, यातलं पुस्तकात नसलेलं किती?" मी कारणं पुस्तकावर सोडली. त्याऐवजी आपल्या रायगडातल्या वरसईचे, 'माझा प्रवास' लिहिणारे विष्णुभट गोडसे झाशीला नेमके त्या धामधुमीत पोहोचले आणि त्यांनी तिथे काय पाहिलं, ते सांगितलं आणि शेवटी एकच प्रश्न ठेवला. उत्तरं आवाजातच मागवली. पाठीमागे पाऊस, कोंबड्या, भांडी, आणि त्यातून नीट विचार करून दिलेली उत्तरं. वर्गात इतकी उत्तरं मला कधी मिळाली नव्हती.

संगणकाचं शिकवणंही तुमच्याच पद्धतीचं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे मराठी पाठ तुम्ही पेनड्राइव्हवर घेऊन आलात. अर्ध्या पडद्यावर पाठ चालू, उरलेल्या अर्ध्यावर आपण करून बघायचं, अडलं की मागे न्यायचं. पाठ दहा-एक मिनिटांचा, नेटची गरज नाही. निवृत्तीला टेकलेले आमचे वाणिज्यचे सर लिब्रेऑफिसमध्ये गुणपत्रक करायला शिकले ते असे. माणसाला विचारताना त्यांना अवघड वाटायचं, व्हिडिओ मागे नेताना नाही. ही अडचण तुम्ही न सांगता ओळखलीत, याचं मला आजही नवल वाटतं.

आता जे अहवालात येणं शक्य नव्हतं ते. तासिका तत्त्वावर मानधन घेतलेल्या तासाचं. वर्ग बंद म्हणून तास नाहीत, आणि प्राध्यापकांना शिकवणं कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. आम्ही पूर्ण पगारावर, तुम्ही स्वतःच्या पेट्रोलवर. स्टाफरूममध्ये हे सगळ्यांना ठाऊक होतं. आभाराच्या पत्रात हा विषय कशाला, असं काहींना वाटेल. वाटू दे. नुसते गोड आभार तुम्हाला पुरेसे आहेत असं मला वाटत नाही.

म्हणून एक काम केलंय. तुमचं अनुभव प्रमाणपत्र नव्याने करून घेतलं आहे. त्यात शिकवलेल्या तासांबरोबर "प्राध्यापकांचे ऑनलाइन अध्यापन प्रशिक्षण" असं स्वच्छ लिहिलं आहे, सही-शिक्क्यासह. सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीला जोडा. पत्ता बदलला असेल तर कळवा, स्पीड पोस्टाने पाठवतो. आणि फोनवर विचारायच्या प्रश्नांचा तो कागद तुमच्याकडे असेल तर एक प्रत धाडा. यंदा नवे चार जण रुजू झालेत, त्यांना द्यायचा आहे.

आपला,
इतिहास विभागातला जुना सहकारी