पंप बसवला, पण औषध भरायचं कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सेरेब्रल पाल्सीमुळे (लहानपणीच मेंदूला झालेल्या इजेमुळे) हातपाय आखडलेली, डिस्टोनियाने अंग पिळवटणारी मुलं आमच्या खानापूर तालुक्यातही आहेत. फिजिओथेरपिस्ट म्हणून मी त्यांच्यासोबत काम करते. स्नायू सैल करणाऱ्या बॅक्लोफेनच्या गोळ्यांनी काहींना आराम पडतो, पण डोस वाढवला की मूल दिवसभर पेंगतं. अशा निवडक मुलांसाठी पोटाच्या कातडीखाली पंप बसवतात. त्याची बारीक नळी तेच औषध थेट पाठीच्या कण्यातल्या पाण्यात सोडते, त्यामुळे मिलिग्रॅमचं काम मायक्रोग्रॅममध्ये होतं. आधी कमरेतून चाचणीचा डोस देऊन अंग सैलावतं का ते पाहतात, मगच शस्त्रक्रिया. पंपाने मूल चालू लागेलच असं नाही. पण कपडे बदलताना पाय सुटे होणं, खुर्चीत नीट बसता येणं, रात्री सलग झोप लागणं याची किंमत त्या मुलाच्या आईला विचारा.

खरी अडचण पुढे आहे. डोसप्रमाणे काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी सुईने पंप पुन्हा भरावा लागतो. बॅटरी साधारण 5 ते 7 वर्षांत संपते, तेव्हा अख्खा पंपच बदलतात. भरायची तारीख चुकून औषध एकाएकी थांबलं, तर अंगाला खाज, जोराचा ताप, पूर्वीपेक्षा जास्त ताठरपणा, भ्रम अशी लक्षणं दिसतात आणि जिवावरही बेतू शकतं. भर पावसात आमच्या तालुक्यातल्या कणकुंबीहून बेळगाव गाठतानाच दमछाक होते. तिथून बेंगळुरू सुमारे 500 किलोमीटर. कोल्हापूर-मिरज जवळ खरं, पण आरोग्य योजनेचं कार्ड कर्नाटकाचं. सीमाभागातल्या 865 गावांना महाराष्ट्राने 2023 मध्ये आरोग्य योजना देऊ केली, त्यावरूनही दोन राज्यांत वादच झाला. दिव्यांगांसाठीच्या सरकारी 'निरामय' आरोग्य विम्याची वार्षिक मर्यादा 1 लाख रुपये आणि पंपाचा खर्च कित्येक लाखांत.

म्हणून शस्त्रक्रिया कुठेही होवो, पंप भरण्याची सोय बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात व्हावी. त्यासाठी मोठं ऑपरेशन थिएटर लागत नाही. प्रशिक्षित डॉक्टर आणि परिचारिका, पंप तपासण्याचं यंत्र व औषधाचा साठा लागतो. ही सोय कुठे होणार हे ठरल्याशिवाय पालकांनी शस्त्रक्रियेला होकार देऊ नये, असं मी त्यांना कळकळीने सांगते. आणि औषध एकाएकी थांबल्याची लक्षणं व डॉक्टरांचा फोन नंबर लिहिलेलं मराठी-कन्नड कार्ड प्रत्येक मुलाच्या दप्तरात असावं. रात्री ताप चढला तर गावातला डॉक्टर मलेरिया समजून वेळ घालवणार नाही.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट, खानापूर (जि. बेळगाव)