वॉर्सातल्या अनोळखी माणसांनो, आभार!

१ ऑगस्टला आम्ही वॉर्सात होतो. नाझी जर्मनांविरुद्धचा १९४४ चा उठाव याच दिवशी सुरू झाला आणि ६३ दिवस चालला. त्याच्या आठवणीसाठी संध्याकाळी पाचला भोंगे वाजले आणि ट्रॅम जागच्या जागी थांबली. सगळे उभे राहिले. आईला गुडघ्यांमुळे उठता येईना, तर शेजारच्या तरुणाने तिला हात दिला आणि भोंगे थांबेपर्यंत सोडला नाही. दादा, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

सिएन्ना रस्त्यावर घेटोची, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीची, उरलेली भिंत एका इमारतीमागच्या चौकात आहे. फाटक बंद होतं. भाजीची पिशवी घेऊन आलेल्या आजींनी काही न विचारता ते उघडलं. इथल्या दोन विटा वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट (ज्यू वंशसंहार) संग्रहालयात गेल्यात, ती पाटी त्यांनीच बोटाने दाखवली. मग विटांवर तळवा टेकवून त्या गप्प उभ्या राहिल्या.

मोन्ते कासिनोच्या लढाईच्या स्मारकाजवळचा वळिवडे छावणीचा फलक मात्र आम्हाला सापडतच नव्हता. कोल्हापूरजवळच्या या छावणीत युद्धकाळात सुमारे ५००० पोलिश निर्वासित राहिले होते. कुत्रा फिरवायला निघालेल्या बाईंनी वाट सोडून आम्हाला तिथवर नेलं. माझं माहेर कोल्हापूर! फलकावर ते नाव वाचून मला रडू फुटलं, तेव्हा त्या पाठीवर हात ठेवून थांबल्या.

तुम्हा तिघांचे मनापासून आभार.