उद्यमनगरातल्या मिस्त्रींना, न बसवलेल्या दांडीबद्दल

मिस्त्री, सप्रेम नमस्कार.

तुम्ही मोबाइल फक्त फोन घ्यायला वापरता, तेव्हा हे तुमचा मुलगा वाचून दाखवेल असं धरून चालते. समोर येऊन सांगायला गेले असते तर तुम्ही "असू दे ओ ताई" म्हणून लेथ चालू केला असता आणि विषय तिथंच मिटला असता. म्हणून चारचौघांत लिहितेय.

परवा रविवारी आण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, रेल्वेचं छोटं इंजिन बागेत चाललं. स्पिरिट पेटवलं, पाणी तापलं, चाकाला जरा बोट लावलं आणि गेलं की चिक्कूच्या झाडाला वळसा घालून! आई पायरीवर बसून बघत होती. दोन फेऱ्या झाल्यावर म्हणाली, "अजून लंगडतंय बघ." आणि हसली. ते लंगडणं तुम्ही राहू दिलंत म्हणून हे पत्र.

हे इंजिन कुणाचं, कुठलं, तुम्ही फारसं विचारलं नाहीत. आता सांगते. आण्णांच्या एका मित्रानं ते इंग्लंडहून आणलेलं, मॅमॉड कंपनीचं, खऱ्या वाफेवर चालणारं. दोन रुळांमधलं अंतर ३२ मिलिमीटर. माथेरानच्या गाडीच्या रुळांमधलं दोन फुटांचं अंतर एकोणीसपट बारीक केलं की एवढंच होतं, म्हणून आण्णा त्याला "आपलं माथेरान" म्हणायचे. पण स्टेशनं मात्र सगळी आपल्या कोल्हापूर-मिरज लाइनची. तेलाच्या डब्याचे पत्रे कापून त्यांनी पाट्या रंगवलेल्या: जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी, वळिवडे, गूळ मार्केट. कर्दळीच्या वाफ्यालगत पाण्याची लहान टाकी होती, तिच्यावरून रूळ जायचा, तो रुकडीचा पंचगंगेचा पूल.

गणपतीत गल्लीतली पोरं यायची. मालडब्यात शेंगा भरायच्या आणि ज्या स्टेशनवर गाडी थांबेल तिथल्या पोरानं त्या खायच्या, असा नियम. गाडी जायची आणि आण्णा बोलत राहायचे. १८८८ साली शाहू महाराजांच्या हस्ते या लाइनीचं काम सुरू झालं, १८९१ ला गाडी कोल्हापुरात आली, १९७१ ला मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज झालं. वळिवड्यापाशी गाडी आली की दुसऱ्या महायुद्धातल्या पोलिश निर्वासितांची छावणी निघायचीच. पोरांचं लक्ष शेंगांवर. आण्णांना त्याचं काही नव्हतं. पुण्यात कोथरूडला १९९८ साली जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय सुरू झालं, ते बघायला आम्हाला घेऊन गेले होते. तासभर हरखून बघितलं आणि बाहेर आल्यावर म्हणाले, "भारी आहे. पण आपली गाडी पावसात चालते."

आण्णा गेले आणि पुढच्याच पावसाळ्यात २०१९ चा पूर आला. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, तेव्हा पाणी ५५ च्या वर गेलं. आमचा रमणमळा तुम्हाला माहीतच आहे. बागेतली रुकडी, गूळ मार्केट, सगळं गाळाखाली. त्यांनी जमवलेली पुठ्ठ्याची जुनी तिकिटं बुटाच्या खोक्यात होती, त्यांचा लगदा झाला. गार्डचा पितळी कंदील वाचला. इंजिन गाळात रुतलेलं सापडलं, चाक हलेना.

त्यानंतर जे भेटले त्यांची नावं घेत नाही, त्यांची तेवढी लायकी नाही. एक पाहुणे, आम्ही अजून गाळ काढतोय तोवर पितळेचा किलोचा भाव सांगून गेले. एका दुकानात सांगितलं, "टाका हो ते, आता रिमोटवाली गाडी येते." आणि एक मोठे संग्राहक. "हा वारसा आहे, जपला पाहिजे," असं घरी येऊन आईसमोर भाषण केलं, इंजिन नेलं, मग फोन घेणं बंद. शेवटी माणूस पाठवून परत आणलं तेव्हा धुराडं गायब आणि अर्धे स्क्रू नाहीत. वारसा हा शब्द ऐकला की मला आता खिसा चाचपावासा वाटतो.

तुमच्याकडं आले तेव्हा खरं म्हणजे मिक्सरचा बूश करायला आले होते. पिशवीत इंजिन होतं, सहज दाखवलं. तुम्ही हात पुसलेत, चष्मा चढवलात आणि पहिलं काय म्हणालात? "यात सिलिंडरच डुलतोय न्हवं? भारी डोकं लढवलंय." ऑइल इंजिनावर उभा जन्म काढलेल्या माणसाला हे एका नजरेत कळलं. सिलिंडर डुलतो आणि वाफेची भोकं आपोआप उघडतात-मिटतात, हे आण्णा मला कितीदा सांगायचे. ते गेल्यावर पहिल्यांदा कुणाच्या तरी तोंडून ऐकलं.

पुढं तुम्ही काय काय केलंत ते मला सगळं कळलेलं नाही. काचेवर पेस्ट लावून घासत बसलेलं बघितलं, इंग्लंडच्या आट्यांना आपला टॅप लागेना म्हणून केलेला शिव्यांचा जप ऐकला, आणि नवं धुराडं तर जुन्यापेक्षा देखणं झालंय.

पण दांडी. चाकं जोडणारी एका बाजूची दांडी मूळची नाही. ती कधी तरी वाकली होती, तेव्हा आण्णांनी पत्र्याची पट्टी कापून, कानशीनं घासून दुसरी केली. एक भोक जरा लांबट झालं, म्हणून इंजिन एका बाजूला अडखळत चालायचं. तुम्ही माप घ्यायला व्हर्निअर लावलात, मान हलवलीत.

"हे कुणी केलंय ओ?"

"आण्णांनी. वडिलांनी."

तुम्ही ती पट्टी अंगठ्यानं चोळत जरा वेळ बघत राहिलात. "बरं," म्हणालात आणि आत गेलात.

इंजिन न्यायला आले तेव्हा आण्णांचीच दांडी जागेवर होती, गंज काढून, तेल देऊन. सोबत वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली एक नवी दांडी. मापात, कडा मारलेली, दोन्ही भोकं चोख. "चालायला त्रास झाला तर ही घाला. मला काढावीशी वाटली न्हाई." एवढंच बोलून तुम्ही त्या मिक्सरच्या बूशाकडं वळलात.

मिस्त्री, तुमच्यासारख्या मापाच्या माणसाला चुकीचं भोक डोळ्यासमोर तसंच सोडताना किती टोचलं असेल, याची मला कल्पना आहे. आणि तरीही नवी करून ठेवलीत, ती वेगळी. आधीच्यांपैकी कुणी विचारलंसुद्धा नव्हतं की हे केलं कुणी. पुरात या गावानं अनोळखी घरांत भाकरी पोचवल्या, रात्र-रात्र गाळ उपसला, त्यातल्या कितीकांची नावं आजही कुणाला ठाऊक नाहीत. तुम्ही त्यातलेच. फलक लावत नाही, सत्कार घेत नाही, आणि पैसे विचारले तर "मटेरियलचं द्या" म्हणता.

त्यावरून आठवलं, ते मला मंजूर नाही. मजुरी द्यायची राहिलीय आणि ती मी देणार. येत्या रविवारी संध्याकाळी घरी या, नातवाला घेऊन. हातकणंगल्यापर्यंत रूळ बसलाय, पुढच्या वळणावर डबे उतरतात, ते तुमच्या नजरेखालनं जाऊ दे. आई भडंग करणार आहे. आणि इंजिनाच्या खोक्यात तुमचा बारीक लाल मुठीचा स्क्रूड्रायव्हर आलाय, तो शोधून पोरांवर ओरडू नका.

तुमची,
रमणमळ्यातली ताई