नेम धरून मारलं म्हणजे हत्याच का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवा देवळाली कॅम्पात चहाच्या टपरीवर वाद पेटला, शत्रूच्या सेनापतीला नाव-ठिकाण काढून मारलं तर ती लष्करी कारवाई का हत्या. मी तोफखान्यात नोकरी केलीये म्हणून लिहितोय, कारण पेपरात कधी खात्मा, कधी कंठस्नान, कधी हत्या असं छापलं जातं आणि वाचणाऱ्याला वाटतं सगळं एकच.

एकच नाहीये. युद्ध चालू असताना शत्रूचा जनरलही सैनिकच, झोपलेला असो की माघारी पळत असो, मारता येतो. शरण आला किंवा जखमी होऊन पडला की मात्र हात लावायचा नाही. १८ एप्रिल १९४३ ला अमेरिकन विमानांनी पॅसिफिकमधल्या बोगनव्हिल बेटावर जपानी नौदलाचा सेनापती अ‍ॅडमिरल यामामोटो याचं विमान पाडलं, त्याचा दौरा जपानी बिनतारी संदेश फोडून आधीच कळला होता, म्हणजे नेम धरूनच मारला, तरी मी त्याला हत्या म्हणणार नाही, तो लढाईतला सेनापती होता आणि मारणारेही उघड लष्करी विमानांतून आले होते.

युद्ध कसं लढावं याच्या १९०७ च्या आंतरराष्ट्रीय हेग नियमावलीत कलम २३ नुसार मनाई आहे ती विश्वासघाताने मारायला. आपल्या भाषेत, गनिमी कावा चालतो, दबा धरा, हूल द्या, रात्री छापा घाला, पण पांढरं निशाण दाखवत जवळ जाऊन गोळी घालायची, हे नाही चालत.

आता जनरल अरुणकुमार वैद्य. १० ऑगस्ट १९८६, पुणे. त्याच वर्षी रिटायर झालेले, स्वतः गाडी चालवत होते, मोटारसायकलवरून आलेल्यांनी गोळ्या घातल्या, का तर सुवर्णमंदिरातल्या ब्लू स्टार लष्करी कारवाईच्या वेळी ते लष्करप्रमुख होते. युद्ध नाही, वर्दी उतरवलेली. ती हत्याच. आजही आठवलं की पोटात तुटतं.

अवघड आहे ते इराणच्या जनरल सुलेमानीचं. ३ जानेवारी २०२० ला बगदाद विमानतळाजवळ ड्रोनने मारला, जनरल होता खरा, पण अमेरिका-इराण युद्ध चालू होतं का, आणि इराकच्या जमिनीवर इराकला न विचारता? अमेरिका म्हणाली स्वसंरक्षण, संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ अ‍ॅग्नेस कॅलामार्ड म्हणाल्या बेकायदा. मला कॅलामार्ड यांचं पटतं, इराणचा हल्ला अगदी तोंडावर आला होता याचा धड पुरावा अमेरिकेने जगापुढे ठेवलाच नाही.

तर विनंती एवढीच, अशी बातमी देताना तिथे युद्ध चालू होतं का नाही ते एका ओळीत तरी छापा.

आपला,
तोफखान्यातला एक निवृत्त जवान,
देवळाली कॅम्प, नाशिक