आई-बाबा, नाल्यावर जे दिसलं त्याबद्दल

नागपूर
डिसेंबर

आई, बाबा,

फोनवर हे नीट बोलणं होत नाही. बाबा "काही नाही होत" म्हणून फोन आईकडे देतात, आई जेवलीस का विचारते, आणि विषय राहूनच जातो. म्हणून सगळं लिहून काढतेय, दादाला सांगितलंय मोठ्याने वाचून दाखव म्हणून. बाबा, मधातच उठून गोठ्यात जाऊ नका, पूर्ण ऐका.

आधी आईचं. आई, त्या संध्याकाळी नाल्याच्या काठी तुला जे दिसलं ते खरंच दिसलं यावर माझा पूर्ण विश्वास आहे. इतकी वर्षं ज्या बाईने त्याच वावरात निंदण केलं, कापूस वेचला, जिने रोही (नीलगायी) पण पाहिले, डुकरं पण पाहिली, कोल्हे पण पाहिले, तिला जनावर ओळखू येत नाही असं पारावर बसून म्हणणारे लोक कोण आहेत? "काकूले वाघ दिसला म्हणे" करून हसत होते म्हणे. मला फार राग आला ते ऐकून. तू सांगितलंस की अंग लांब, सडपातळ होतं, शेपटी लांब आणि जमिनीकडे झुकलेली, आणि ते तुरीत शिरलं तरी काही वाजलं नाही. रोही असता तर धडधड करत गेला असता, डुक्कर असतं तर तूर मोडत गेलं असतं, हे तूच सांगितलंस आणि मला पटलं.

फॉरेस्टवाले येऊन गेले, ठसे मिळाले नाही, म्हणून गावाने ठरवून टाकलं की काही नव्हतंच. पण दादा म्हणाला की सकाळीच तिकडून ट्रॅक्टर गेला होता आणि बाकी जमीन तर आत्ता कडक झालीय, तिथे बैलाचं खूर उमटत नाही तर पंजा काय उमटणार. ठसा नाही मिळाला म्हणजे ठसा नाही मिळाला एवढंच, जनावर आलंच नव्हतं असा त्याचा अर्थ होत नाही ना.

आता एक गोष्ट मी तुझ्या बाजूने असूनही सांगते, कारण खरं ते खरं. तो वाघच होता असं मी पण म्हणणार नाही. दिवस बुडताना आकाराचा अंदाज भल्याभल्यांचा चुकतो, बाजूला मापायला काही नसलं की चार-पाच किलोचं रानमांजर पण मोठं वाटतं, त्याचे पाय लांब असतात म्हणून अजूनच. पण रानमांजराची शेपटी आखूड असते, तू लांब म्हणालीस. तरस असेल तर मागचा भाग उतरता दिसतो आणि चाल थोडी लंगडल्यासारखी वाटते. माझ्या मनात बिबट येतो, पट्टेवाला नर वाघ असता तर दोनशे किलोच्या आसपासचं धूड, ते तुला एवढं सडपातळ वाटलं नसतं. पण हा माझा अंदाज आहे, मी तिथे नव्हते, तू होतीस.

मी हल्ली याच्यावर बरंच वाचून राहिले आणि एक गंमतशीर गोष्ट कळली. इंग्लंडमध्ये आज रानात वाघ-बिबट राहत नाहीत, तरी तिथल्या खेड्यांत लोकांना गेली साठ वर्षं काळी मोठी मांजर दिसते, मेंढ्या फाडलेल्या सापडतात. बॉडमिन नावाचं एक माळरान आहे, तिथे इतकी ओरड झाली की १९९५ मध्ये सरकारने अधिकारी पाठवून रीतसर चौकशी केली. निष्कर्ष काय, तर मोठी मांजर असल्याचा पडताळता येईल असा पुरावा नाही, पण नाहीच असंही म्हणता येत नाही. आणि लगेच काही दिवसांत तिथल्या नदीत एका मुलाला कवटी सापडली! लंडनच्या म्युझियमने तपासली तर कवटी खऱ्या बिबटाचीच निघाली, पण आत गरम देशातल्या झुरळाच्या अंड्यांचं कवच होतं, म्हणजे ती कोणाच्या तरी घरातल्या बिबटाच्या कातडीच्या गालिच्याची कवटी. दुसरीकडे, १९८० मध्ये स्कॉटलंडच्या एका शेतकऱ्याने पिंजरा लावला आणि त्यात खरीखुरी जिवंत प्यूमा मादी (अमेरिकेतली मोठी मांजर) सापडली, बरीच माणसाळलेली, म्हणजे कोणीतरी पाळलेली असावी. २००१ मध्ये तर लंडन शहरातच लिंक्स नावाची एक रानटी मांजर पकडली. तिकडे १९७६ साली धोकादायक प्राणी पाळायला लायसन्स सक्तीचं झालं तेव्हा काहींनी आपली जनावरं गुपचूप सोडून दिली असं बोललं जातं. म्हणजे काही लोकांना भास झाला आणि काहींना खरंच दिसलं, दोन्ही झालं, आणि कोणतं काय ते जाऊन तपासल्यावरच कळलं.

आणि तिकडे तर मुळात जनावरच नाही. आपल्याकडे तसं आहे का? आपण उमरेड-कऱ्हांडल्याच्या अभयारण्याच्या बाजूला राहतो बाबा. एकीकडे ताडोबा, वर पेंच, तिकडे नागझिरा, पश्चिमेला बोर. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ निघाले आणि त्यातले बहुतेक आपल्या विदर्भात. वाघाचं पिल्लू दोन वर्षांचं झालं की आईपासून वेगळं होतं, नर असेल तर त्याला स्वतःचा इलाखा शोधावाच लागतो, आणि जंगलात आधीच मोठा नर बसला असेल तर तो जाणार कुठे? नाल्यानाल्याने, वावरावावरातून, रात्रीच्या रात्री चालत. आपला जय वाघ असाच नव्हता का आला, २०१३ मध्ये नागझिऱ्याहून, रस्ते नद्या ओलांडत? बाबा, तुम्हीच किती कौतुकाने सांगायचे त्याच्याबद्दल, आणि २०१६ च्या एप्रिलनंतर तो दिसेनासा झाला तेव्हा किती दिवस पेपरमध्ये त्याचीच बातमी शोधायचे. तेव्हा जय गावाजवळून गेला तर खोटं वाटत नव्हतं, मग आईला दिसलं तर काहून खोटं वाटते?

इथे नागपुरातही हेच पाहिलं मी. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये मिहानमध्ये वाघ आला तेव्हा मी तिकडेच नोकरीला होते. आधी ऑफिसमध्ये सगळे हसले, कोणी कुत्रं म्हणे कोणी रोही म्हणे, इतक्या कंपन्यांच्या मधात वाघ कुठून येणार म्हणे. मग ट्रॅप कॅमेऱ्यात फोटो आला आणि सगळे चूप, संध्याकाळी सातच्या आत घरी पळायला लागले. २०२१ मध्ये बिबट तर गायत्रीनगर, आयटी पार्क, महाराजबाग असा शहराच्या मधोमध फिरला. बिबटाला जंगल लागतंच असं नाही. नगर जिल्ह्यातल्या अकोल्याला, म्हणजे आपलं अकोला नाही, ते अकोले, तिथे विद्या अत्रेय यांनी कॅमेरे लावून अभ्यास केला तर चक्क उसाच्या शेतांमध्ये, दाट वस्तीत, शंभर चौरस किलोमीटरमागे जवळपास पाच बिबट निघाले, आणि जवळ मोठं जंगल नाहीच. कुत्रे, डुकरं, शेळ्या खाऊन राहतात, माणसाला दिसू नये एवढंच बघतात. आपल्या वावरात आत्ता तूर डोक्याइतकी आहे, बाजूला पराटी उभी आहे, डुकरं तर रोज रात्री हरभऱ्यात. डुकरं जिथे येतात तिथे त्यांच्यामागे येणारा पण येतोच.

आता बाबा, तुमचं. तुम्ही रात्री ओलिताला जाता ते मला सहन होत नाही. मोटारीची लाईन, म्हणजे वीज, रात्रीची असली की तुम्ही बाराला उठून, मफलर गुंडाळून, बॅटरी घेऊन एकटे निघता, आणि मग गव्हाचा दंड फोडायला वाकून बसता. वाघ-बिबटाचे अभ्यासक हेच सांगून राहिले की उभा माणूस त्याला माणूस दिसतो, वाकलेला किंवा बसलेला माणूस त्याला छोटं जनावर वाटू शकतं. उन्हाळ्यात मोहफुलं आणि तेंदूपत्ता वेचताना जी माणसं जिवानिशी जातात ती का जातात? वाकलेली असतात म्हणून. तुमचे गुडघे दुखतात, ऐकायला कमी येतं, आणि तुम्ही म्हणता "मला काय करते तो". माणूस गेला तर सरकार २५ लाख देते बाबा. मला पंचवीस लाख नकोत, तुम्ही पाहिजे.

रात्रीची लाईन हा तुमचा दोष नाही हे मला माहीत आहे. दिवसा दिली असती तर कोण जाणार होतं थंडीत मरायला? शेतीला वीज देणारे फीडर सौरवर गेले की दिवसा लाईन मिळते असं सांगतात, काही गावांत झालंय, पण आपला नंबर कधी लागेल तोपर्यंत थांबायचं का? सरपंचांना सांगा, ग्रामसभेत ठराव घ्या की आमच्या भागात वाघ-बिबट फिरतात, ओलिताची लाईन दिवसा द्या. आईला उभं करून सांगायला लावा तिथे काय दिसलं ते. हसणाऱ्यांनी पण सही करावी त्यावर, त्यांचे बाप पण रात्री वावरातच जातात.

तोपर्यंत मी दोन गोष्टी ठरवल्यात आणि याच्यावर वाद नको. मोटारीला मोबाईल स्टार्टर बसवायचा, तो मी इथून घेऊन येते, घरी बसून फोन लावला की मोटार चालू आणि फोन लावला की बंद. आणि गहू-हरभऱ्याला स्प्रिंकलर. पाईप दिवसा मांडून ठेवायचे, रात्री कोणी जायचंच नाही. पैशाचं म्हणाल तर सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अनुदान मिळतं, बाकीचे मी देते. "तुझ्या पैशाची गरज नाही" हे वाक्य यावेळी नको बाबा, हे मी माझ्या झोपेसाठी देतेय.

धुऱ्यावरच्या काकांनी डुकरांसाठी तारेत करंट सोडलाय असं दादाकडून कळलं. हे मला बिबटापेक्षा जास्त भीतीचं वाटतं. जयचाच बछडा श्रीनिवास २०१७ मध्ये नागभीडकडे अशाच तारेला चिकटून मेला, आणि माणसं पण मरतात दर वर्षी. अंधारात तुमचा पाय त्या तारेवर पडला तर? काकांशी भांडू नका, पण स्पष्ट बोला, तुमच्याने होत नसेल तर मी बोलते. सोलर झटका मशीन मिळते, त्याने डुक्कर पळतं आणि मरत कोणी नाही.

आई, पुन्हा काही दिसलं तर जवळ जाऊ नको, पळू पण नको, तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे ये आणि मोठ्याने बोल. मग दादाला फोन, आणि दादाने १९२६ वर फोन करायचा, तो हॅलो फॉरेस्टचा नंबर आहे. ठसा दिसला तर त्याच्या बाजूला काडीपेटी ठेवून फोटो काढायचा म्हणजे आकार कळतो, आणि वरून टोपलं पालथं घालून ठेवायचं म्हणजे गार्ड येईपर्यंत मोडत नाही. कुत्र्याच्या ठशात पुढे नखं उमटतात, मांजरवर्गाच्या ठशात उमटत नाहीत कारण ते नखं आत ओढून चालतात, एवढं तर तुलाही बघता येईल. आणि यावेळी ट्रॅप कॅमेरा लावा असं लेखी द्यायचं, तोंडी नाही.

गावाच्या ग्रुपवर जे व्हिडिओ फिरतात ते मात्र पाहू नको. मावशीने पाठवलेला तो विहिरीतला वाघ आपल्याकडचा नाहीच, जुना व्हिडिओ आहे, दुसऱ्याच राज्यातला, आणि आता तर कॉम्प्युटरवर बनवलेले बिबटाचे फोटो पण येतात, दारात बसलेला, गाडीवर बसलेला. अशा दहा खोट्या फोटोंमुळे तुझ्यासारखीचं एक खरं दिसणं पण लोक हसण्यावारी नेतात.

शेळ्या रात्री आत घ्या, त्या कुडाच्या भिंतीला बाहेरून जाळी मारून घ्यायला दादाला सांगितलंय. मोत्याला पण आत बांधा, तो भुंकला म्हणून बघायला कोणी बाहेर निघू नका.

शनिवारी सकाळच्या उमरेड गाडीने येते. बाबा, सातबारा, आठ-अ आणि आधारची झेरॉक्स काढून ठेवा, अर्ज त्याच दिवशी भरू. आणि आई, आपण दोघी दुपारच्या उजेडात, दादाला सोबत घेऊन, नाल्यावर जाऊ, तू मला नेमकी जागा दाखव.

तुमची,
मनू