रोज चालणाऱ्या जुन्या गाडीलाही नियमांत जागा हवी

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

बेळगावच्या शहापुरातील माझ्या घरापासून उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतील माझ्या लहानशा मशीन शॉपपर्यंत मी गेली सात वर्षे रोज ज्या गाडीने जातो, ती १९७१ सालची फियाट ११०० डिलाइट आहे. वडिलांनी घेतली तेव्हाच ती जुनी होती. त्यांच्या पश्चात ती अकरा वर्षे घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली आणि मागच्या सीटच्या काथ्यात उंदरांनी बिळे केली. ती पुन्हा रस्त्यावर आणताना जे शिकलो आणि आणल्यावर नियमांच्या बाबतीत जी अडचण आली, ती आपल्या दैनिकाद्वारे वाहनधारकांपुढे आणि परिवहन खात्यापुढे मांडावी, या हेतूने हे पत्र लिहीत आहे.

आपल्या भागात अशा गाड्या अजून बऱ्याच आहेत. बेळगावच्या कॅम्पातील बंगल्यांत, निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्यांच्या जुन्या वाड्यांत, संकेश्वर-खानापूरकडील घरांच्या मागच्या अंगणात फियाट आणि अँबेसेडर ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत. याच फियाटचे पुढचे रूप असलेली प्रीमियर पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणे बंद होऊन दोन दशके उलटली, २०१४ मध्ये बंगालमधील उत्तरपाड्याची अँबेसेडर थांबली आणि ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून उतरली. म्हणजे आता जेवढ्या उरल्या तेवढ्याच. गाडी उभी ठेवून टिकत नाही, हे कोणताही मेकॅनिक सांगेल. उभ्या गाडीत ब्रेकची रबरे आक्रसतात, टाकीत पाणी धरते, इंजिनाच्या रिंगा चिकटतात. ती टिकते चालवल्याने. आणि आजच्या रहदारीत ती रोज चालवायची, तर तिच्यात काही बदल करावेच लागतात. नेमक्या याच ठिकाणी आपले नियम गप्प आहेत.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले, ही चांगलीच गोष्ट झाली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली आणि चासी (गाडीचा खालचा सांगाडा), बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी त्यांत येते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये शुल्क असून ती दहा वर्षे चालते आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे मिळतात. मात्र अशी गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती बाहेर काढता येते. माझी गाडी वयाने त्यात बसते, पण मी ती रोज वापरतो, त्यामुळे तो मार्ग माझ्यासाठी बंद आहे. उरतो तो सर्वसाधारण मार्ग : दर पाच वर्षांनी तपासणी आणि नोंदणीचे नूतनीकरण. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांहून जुन्या मोटारीसाठी या नूतनीकरणाचे शुल्क १० हजार रुपये झाले आहे. शुल्काबद्दल माझी तक्रार नाही. जुनी गाडी ठेवणाऱ्याने तिचा भार उचलावा, हे मला मान्य आहे. माझे म्हणणे त्या तपासणीत काय पाहिले जाते आणि काय नोंदले जाते, याविषयी आहे.

हे म्हणणे एका प्रसंगातून आले आहे. गाडी पहिल्यांदा तयार झाली तेव्हा ती मी एका वर्कशॉपला पूर्ण सोपवली होती. रंग सुरेख झाला, बंपरला नवे क्रोम चढले, सीटला तांबडे रेक्झिन लागले. गल्लीतील माणसे बाहेर येऊन बघत होती. पुढच्याच पावसाळ्याच्या तोंडावर गोव्यातील साखळीला एका लग्नासाठी निघालो. जांबोटी, कणकुंबी मागे टाकून चोर्ला घाट उतरू लागलो आणि चौथ्या की पाचव्या वळणावर ब्रेकचे पेडल पायाखाली मऊ लागले. पुढच्या वळणावर ते थेट तळाला टेकले. शेजारी पत्नी, मागे दोन नातवंडे. गाडी दुसऱ्या गिअरवरून पहिल्यात ओढून आणि हँडब्रेक थोडा थोडा खेचत मी ती डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली, तेव्हा ती थांबली. चाक उघडल्यावर दिसले ते एवढेच : मागच्या उजव्या व्हील सिलिंडरचे (चाकाशी ब्रेक दाबणाऱ्या नळकांड्याचे) रबरी कप फाटून सगळे ब्रेक ऑइल ड्रममध्ये उतरले होते. या गाडीचा मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ब्रेक ऑइलला देणारा भाग) एकेरी आहे, म्हणजे चारही चाकांना एकाच नळीतून दाब जातो आणि एका चाकाशी गळती झाली की चारही ब्रेक जातात. हजारो रुपयांचा रंग चढवला होता, पण काहीशे रुपयांचे कप कोणी बदलले नव्हते. मीही विचारले नव्हते, ही माझी चूक मी कबूल करतो.

घरी आल्यावर मी गाडी पुन्हा उघडली, आणि या वेळी स्वतः. दाराच्या खालच्या कडेचा रंग खरवडला तर आत बोटभर जाड पुट्टी आणि तिच्याखाली तारेची जाळी निघाली. पत्रा जवळपास शिल्लक नव्हताच. फियाटला अँबेसेडरप्रमाणेच वेगळी चासी नाही. तिचा फ्लोअर आणि दारांखालची पोकळ पट्टी हाच तिचा सांगाडा, त्यामुळे तेथील गंज हा दिसण्याचा प्रश्न राहत नाही, तो गाडीच्या बळाचा प्रश्न होतो. दाराच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी बारीक छिद्रे असतात. ती आपल्या तांबड्या मातीने बुजतात आणि आतले पाणी महिनोन्‌महिने पत्रा खात बसते. आता मी पावसाळ्यात दर रविवारी खराट्याची काडी घालून ती मोकळी करतो. कधी कधी त्यातून ओंजळभर पाणी निघते.

जुनी गाडी हाती घेणाऱ्या तरुणांना माझे सांगणे असे की, रंगाला सर्वांत शेवटी हात लावावा. आधी पत्रा, मग ब्रेक, मग स्टेअरिंगचे किंगपिन (पुढची चाके ज्यांवर वळतात ते खिळे) आणि जोड, मग वायरिंग, मग पाण्याची व्यवस्था. इंजिनावर फिरून वीज तयार करणारा मूळ डायनमो कमी फेऱ्यांवर पुरेसा करंट देत नाही. भर पावसात रात्री हेडलाइट, वायपर आणि हॉर्न एकाच वेळी लागले की बॅटरी उतरू लागते. म्हणून मी कमी फेऱ्यांवरही पुरेशी वीज देणारा अल्टरनेटर बसवला आणि हेडलाइटला रिले दिले, जेणेकरून पन्नास वर्षांच्या स्विचमधून सगळा करंट वाहणार नाही. इंजिन १०८९ सीसीचे, ब्लॉक ओतीव लोखंडाचा आणि हेड, म्हणजे त्यावरचे झाकण, अल्युमिनियमचे. एकदा जरी प्रमाणाबाहेर गरम झाले तरी हेड वाकते आणि गॅस्केट जाते. रेडिएटरचा कोअर नवा करून घेतला आणि नळाच्या पाण्याऐवजी कूलंट घातले, त्यानंतर घाट चढताना काटा मधल्या खुणेपलीकडे गेलेला नाही. या कामांसाठी बेळगावसारखे गाव शोधून सापडणार नाही. क्रँक ग्राइंडिंग, बोअरिंग, ड्रम टर्निंग, हेड फेसिंग, लागेल तो बुश लेथवर करून देणारा कारागीर, हे सगळे उद्यमबागेत दोन किलोमीटरच्या आत मिळते. जो भाग बाजारात मिळत नाही, त्याचा नमुना घेऊन येथील फाउंड्रीत तो ओतून मिळतो.

इंधनाबाबत एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण तिचा आपल्या जिल्ह्याशी थेट संबंध आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, आणि त्यातले काही इथेनॉल आपल्याकडच्यासारख्या ऊसपट्ट्यातून येते. ऊस उत्पादकाच्या घरात वाढलेल्या मला त्याबद्दल आकस नाही. परंतु एप्रिल २०२३ पूर्वीच्या गाड्या या मिश्रणासाठी घडवलेल्या नाहीत, आणि १९७१ ची तर नाहीच नाही. जुन्या रबरी नळ्या त्याने फुगतात आणि मऊ पडतात, पेट्रोल पंपाचा पडदा लवकर जातो, इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेत असल्याने टाकी आतून गंजते. मी सर्व नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घातले, कार्बोरेटरचा मुख्य जेट (पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र) किंचित मोठा घेतला आणि टाकी कधी अर्ध्याखाली जाऊ देत नाही. इंजिनाखाली सुटलेली पेट्रोलची नळी आणि तापलेला सायलेन्सर यांत वीतभर अंतर असते, हे ध्यानात घेतले तर याला किरकोळ काम कोणी म्हणणार नाही.

सर्वांत मोठा बदल ब्रेकचा. मी दुहेरी मास्टर सिलिंडर बसवला, म्हणजे एका बाजूची गळती झाली तरी दुसऱ्या बाजूचे दोन ब्रेक राहतात, आणि पुढच्या दोन चाकांना डिस्क ब्रेक लावले. त्यासाठीचे ब्रॅकेट मी माझ्याच मशीनवर १२ मिलिमीटर जाडीच्या पोलादी प्लेटमधून कापले आणि त्यांवर डाय पेनिट्रंट टेस्ट (तड्यांत शिरणारा रंग लावून करायची चाचणी) करून बारीक तडे नाहीत याची खात्री केली. पुढच्या सीटना बेल्ट लावले. ते नुसते फ्लोअरला बोल्ट मारून धरत नाहीत, म्हणून दोन्ही बाजूंनी जाड पट्टी देऊन पत्रा पक्का केला. काढलेला प्रत्येक मूळ भाग तेल लावून, चिठ्ठी बांधून लोखंडी ट्रंकेत ठेवला आहे. दोन दिवसांत गाडी होती तशी करता येईल.

यानंतर मी या बदलांची नोंद व्हावी म्हणून चौकशी केली. एका ठिकाणी सांगण्यात आले की ब्रेकचा उल्लेख आरसीत (नोंदणी प्रमाणपत्रात) नसतो, तेव्हा नोंदीची गरज नाही. दुसऱ्या खेपेस सांगण्यात आले की कंपनीने दिले तसे ब्रेक पुन्हा लावून गाडी तपासणीला आणा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीतील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे कलम कडकपणे पाळण्यास सांगितले. त्यामागचा हेतू योग्यच आहे. रुंद टायर बॉडीबाहेर काढणारे, कानठळ्या बसवणारे सायलेन्सर लावणारे, पेलणार नाही असे दुप्पट ताकदीचे इंजिन नऊशे किलोच्या गाडीत कोंबणारे लोक आहेत, आणि त्यांना आवर घातलाच पाहिजे. पण एकेरी ब्रेकचा दुहेरी करणारा आणि हे करणारे एकाच पंक्तीत बसवू नयेत, इतकेच माझे म्हणणे आहे.

यात मला सवलत मिळावी असे मुळीच नाही; उलट तपासणी अधिक व्हावी, असे मला वाटते. मी कापलेल्या ब्रॅकेटवर दुसऱ्या जाणत्या माणसाची नजर पडावी, कारण ज्याने काम केले त्याला स्वतःची चूक सहज दिसत नाही. आज होते असे की, प्रामाणिकपणे सांगायला जाणाऱ्याला अडचण येते, म्हणून बहुतेक जण सांगतच नाहीत. कोणी चांगले काम करतो, कोणी वेल्डिंगचे ठिपके मारून भागवतो, आणि दोघांच्याही कागदावर गाडी मूळ अवस्थेतच असते. तेव्हा परिवहन खात्याने ब्रेक, सीट बेल्ट, दिवे, वायरिंग आणि इंधनाच्या नळ्या एवढ्या ठरावीक सुधारणांची यादी जाहीर करावी. त्या केलेल्या गाडीची, चाके फिरत्या रोलरवर ठेवून, ब्रेक तपासणी घ्यावी. काम कोणी व कसे केले याचे प्रमाणपत्र घ्यावे आणि त्याची नोंद आरसीच्या फायलीत ठेवावी. चासी, बॉडीचा सांगाडा आणि इंजिनाची क्षमता यांना हात लावण्यास मात्र आजच्याप्रमाणेच मनाई राहावी. यासाठी वेगळे शुल्क लागले तरी ते भरणारे मालक आपल्या जिल्ह्यात निघतील.

जाता जाता सीमाभागापुरती एक सूचना. चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरकडून जुनी गाडी घेऊन येणाऱ्यांनी ना हरकत दाखला व्यवहाराच्या वेळीच मागून घ्यावा. बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी कर्नाटकात राहणार असेल, तर येथील क्रमांक घेणे आणि कर भरणे बंधनकारक आहे. मूळ मालक हयात नसला की तो दाखला मिळवण्यात वर्षे जातात आणि तोवर गाडी पुन्हा शेडमध्येच गंजते.

माझ्या गाडीची तपासणी येत्या मार्चमध्ये आहे. त्या दिवशी ब्रॅकेटचे रेखाचित्र, तडे-तपासणीचा कागद आणि बदललेल्या प्रत्येक भागाची यादी मी सोबत नेणार आहे. ती फायलीला लावून घेण्याची तरतूद तोवर व्हावी, अशी संबंधितांस नम्र विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, शहापूर, बेळगाव