मालीच्या न्यायमंत्र्यांना खुले पत्र: २०१८ चा निकाल कधी पाळणार?

मा. न्यायमंत्री,
माली प्रजासत्ताक, बामाको

महोदय,

११ मे २०१८ रोजी टांझानियातल्या अरुशाच्या आफ्रिकी मानवाधिकार न्यायालयाने निकाल दिला की तुमचा २०११ चा कुटुंब कायदा मापुतो प्रोटोकॉलचा, म्हणजे महिलांच्या हक्कांच्या आफ्रिकी कराराचा, भंग करतो. कायदा बदला आणि दोन वर्षांत अहवाल द्या, असा आदेश होता. मुदत २०२० मध्येच टळली.

देश अस्थिर आहे ही सबब आम्हाला पटत नाही. २०२० आणि २०२१ मध्ये सत्ता उलथली, हे खरे. पण त्यानंतर याच राजवटीने २०२३ मध्ये नवी राज्यघटना आणली, २०२४ मध्ये दंडसंहिता बदलली आणि जुलै २०२५ मध्ये लष्करी राजवटीचे प्रमुख जनरल गोइता यांना निवडणुकीविना पाच वर्षे बहाल केली. एवढे सगळे झाले, मग कुटुंब कायद्यातल्या लग्नाच्या वयाच्या कलम २८१ वरच घोडे का अडते?

खरी भीती २००९ ची आहे. तेव्हा संसदेने मुलामुलींसाठी १८ हेच लग्नाचे वय ठरवले होते. बामाकोच्या स्टेडियमवर विधेयकाच्या विरोधकांची प्रचंड सभा झाली आणि अध्यक्ष तूरे यांनी विधेयक परत पाठवले. २०११ च्या अखेरीस मुलींसाठी १६ वर तडजोड झाली. पुढच्या मार्चमध्ये उत्तरेतल्या बंडाचे निमित्त होऊन तूरे यांची खुर्ची गेलीच!

आता कलमांकडे या. प्रशासकीय विभागप्रमुखाची परवानगी असेल तर १५ व्या वर्षीही लग्न लागते, आणि मुलीच्या बाबतीत संमती फक्त बापाची. आईला विचारायची गरज नाही. इमामाने लावलेले लग्न कायद्याला चालते, पण वधूची संमती तपासली नाही म्हणून त्याला शिक्षा नाही. वेगळे लिहून ठेवले नसेल तर वारसा धर्माने किंवा रूढीने ठरतो, म्हणजे इस्लामी कायद्याने मुलीला मुलाच्या निम्मा. खेड्यातला शेतकरी नोटरी गाठून मृत्युपत्र करणार आहे थोडाच?

वय सरसकट १८ करा, १५ चा अपवाद काढून टाका. पण तेवढ्याने भागणार नाही. जन्मदाखला नसला की बाप सांगेल ते वय, म्हणून दाखल्याशिवाय लग्न लावायलाच बंदी हवी. धार्मिक लग्नाची नोंद ठरल्या मुदतीत नागरी निबंधकाकडे झालीच पाहिजे आणि कसूर करणाऱ्याला दंड हवा. नोंद नसली की नवऱ्यामागे बाईला पत्नी असल्याचाच पुरावा राहत नाही. वारशात मूळ नियम समान वाट्याचा ठेवा. ज्याला धर्माप्रमाणे वाटणी हवी त्याने तसे लिहून ठेवावे.

आणि हो, जानेवारी २०२५ मध्ये माली इकोवास या पश्चिम आफ्रिकी देशांच्या संघटनेतून बाहेर पडला, पण अरुशाचे न्यायालय आफ्रिकी संघाचे आहे. हा आदेश अजून तुमच्यावर बंधनकारकच आहे.